स्पर्शात त्वचा नेमके काय मोजते?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. अणू एकमेकांना खऱ्या अर्थाने कधीच स्पर्श करत नाहीत असे आपल्या वाचनात आले, आणि तसे असेल तर आपल्याला जाणवतो तो स्पर्श म्हणजे काय, अशी शंका आपण विचारली आहे. दुसरा भाग घरातला आहे. मधुमेह असलेल्या आपल्या वडिलांचे पाय तपासले, तेव्हा नायलॉनच्या तंतूचा दाब त्यांना जाणवला, पण अंगठ्यावर टेकवलेल्या ट्यूनिंग फोर्कचे कंपन मात्र जाणवले नाही. एक स्पर्श कळावा आणि दुसरा कळू नये हे कसे, असे आपण विचारता. मी काही वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाविज्ञान शिकवले आणि त्यानंतरचा बराच काळ मधुमेहींचे पाय तपासण्यात गेला आहे. माझ्या मते दोन्ही शंकांचे मूळ एकच आहे. स्पर्श म्हणजे वस्तूशी जोडले जाणे, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्वचा स्वतःच्या आकारात झालेला बदल मोजते, आणि पुष्कळदा तो बदल किती वेगाने होत आहे एवढेच मोजते.

अणूंचा मुद्दा आधी घेतो, कारण तो जितका गूढ करून सांगितला जातो तितका गूढ नाही. बोट टेबलाजवळ नेले की दोन्ही पृष्ठभागांवरील रेणूंमध्ये आधी व्हॅन डर वाल्स बलाचे क्षीण आकर्षण असते. अंतर नॅनोमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यापर्यंत आले, की इलेक्ट्रॉनांचे मेघ एकमेकांत शिरू लागतात आणि आकर्षणाची जागा तीव्र प्रतिकर्षण घेते. हे प्रतिकर्षण केवळ सारख्या विद्युतप्रभारांमुळे असते, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते स्पष्टीकरण अपुरे आहे. वोल्फगांग पाउली यांनी १९२५ साली मांडलेल्या अपवर्जन तत्त्वानुसार दोन इलेक्ट्रॉन एकाच क्वांटम अवस्थेत राहू शकत नाहीत, त्यामुळे मेघ एकमेकांत शिरताना काही इलेक्ट्रॉनांना अधिक ऊर्जेच्या अवस्थेत जावे लागते, आणि ही ऊर्जा पुरवणे म्हणजेच आपल्याला जाणवणारा टेबलाचा कठीणपणा होय. या तत्त्वाशिवाय नेहमीचा घन पदार्थ स्थिर राहू शकत नाही, हे फ्रीमन डायसन आणि अँड्र्यू लेनर्ड यांनी १९६७ च्या सुमारास गणिताने सिद्ध केले. ‘अंतर शून्य’ अशी स्पर्शाची व्याख्या केली, तर ती अणूंना लागूच पडत नाही, कारण अणूला जिथे तो संपतो अशी कडा नसते. ‘प्रतिकर्षण सुरू होईल इतके जवळ येणे’ ही व्याख्या घेतली, तर आपण दिवसभर असंख्य वस्तूंना अगदी खराखुरा स्पर्श करत असतो. म्हणून ‘स्पर्श हा आभास आहे’ या निष्कर्षाशी मी सहमत नाही.

मात्र हे आंतरअणू बल कोणत्याही मज्जातंतूला थेट कळत नाही. बोटाच्या टोकावर मृत पेशींचा कठीण थर असतो, त्याखाली जिवंत पेशींचे थर आणि मग लवचिक, पाण्याने भरलेली ऊती. संवेदक या सगळ्याच्या आत, पृष्ठभागापासून अर्ध्या मिलिमीटरपासून काही मिलिमीटर खोलीपर्यंत असतात. वस्तूने लावलेले बल त्यांच्यापर्यंत पोहोचते ते ऊतीच्या ताणातून आणि आकारबदलातूनच. यावरून एक गोष्ट अपरिहार्यपणे निघते: ज्या दाबामुळे ऊतीचा आकार बदलत नाही, तो दाब कितीही मोठा असला तरी जाणवणार नाही. याचा पुरावा आपण जन्मभर अंगावर वागवतो. वातावरण आपल्या त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतके बल लावते आणि आपल्याला त्याची जाणीवही नसते, कारण ते सर्व बाजूंनी सारखे असते आणि आतील द्रव तितकाच दाब उलट देतो. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ गेओर्ग माइसनर यांनी एकोणिसाव्या शतकात बोट पाऱ्यात बुडवून पाहिले. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड आहे, तरीही दाब जाणवला तो बुडालेल्या भागावर नव्हे, तर पाऱ्याच्या पृष्ठभागाशी बोटाभोवती वळ्यासारख्या एका रेषेवर. कारण फक्त तिथेच दाब एका ठिकाणाहून शेजारच्या ठिकाणी एकदम बदलत होता. विहिरीत छातीपर्यंत स्थिर उभे राहिल्यास पाण्याची रेषा अंगावर जशी कळते, तसे खालचे पाणी कळत नाही, हे पोहणाऱ्या कोणालाही पडताळता येईल. (स्पर्शाच्या भौतिकशास्त्रावरचा इतका स्वस्त प्रयोग दुसरा मला माहीत नाही, अर्थात पाण्याचा, पाऱ्याचा नव्हे, कारण पाऱ्याची वाफ विषारी असते.)

आकारबदलाचे विद्युतसंदेशात रूपांतर कसे होते, हे अलीकडेपर्यंत ठाऊक नव्हते. २०१० साली कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संशोधन संस्थेत आर्डेम पॅटापुटियन आणि बर्ट्रांड कॉस्ट यांनी दाबाला प्रतिसाद देणाऱ्या उंदराच्या पेशी घेतल्या, संशयित जनुकांची यादी केली आणि एकेक जनुक निकामी करत पेशींना सूक्ष्म काचेच्या टोकाने टोचून पाहिले. यादीतले ७२ वे जनुक बंद केल्यावर पेशी निमूट झाली. त्यातून पायझो-१ आणि पाठोपाठ पायझो-२ ही प्रथिने सापडली, आणि २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पॅटापुटियन यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासमवेत मिळाले. पायझो प्रथिनाला तीन वक्र पाती असतात आणि ती पेशीपटलात अशी बसलेली असतात की पटलालाच तिथे खोलगट वाटीचा आकार येतो. पटल ताणले गेले की ही वाटी सपाट होऊ लागते, मधले छिद्र उघडते, धन आयन आत शिरतात आणि काही सहस्रांश सेकंदांत मज्जातंतूत संदेश निघतो. म्हणजे अगदी शेवटच्या पायरीवरही मोजला जातो तो पटलाचा ताण. पायझो-२ जन्मतः निकामी असलेल्या दोन रुग्णांचा अभ्यास २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यांना कंपन ओळखता येत नव्हते आणि डोळे मिटल्यावर हातपाय कुठे आहेत हेही सांगता येत नव्हते, परंतु केसाळ त्वचेवरचा काही प्रकारचा हलका स्पर्श त्यांना जाणवत होता. आपल्या वडिलांचे कारण वेगळे आहे, पण एक स्पर्श जाणे आणि दुसरा राहणे यात विसंगत काही नाही, हे या रुग्णांवरून दिसते.

तळहात आणि तळपाय यांच्या त्वचेत दाब-कंपनाचे संवेदक प्रामुख्याने चार प्रकारचे असतात. एका तळहाताच्या बाजूला अशा संवेदी तंतूंची संख्या सुमारे १७,००० असावी, असा अंदाज स्वीडनच्या योहान्सन आणि वॉल्बो यांनी १९७९ साली दिला. मर्केल संवेदक दाब असेपर्यंत संदेश देत राहतात आणि कडा, टोके, उंचवटे कळवतात. माइसनर संवेदक साधारण १० ते ५० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या) फडफडीला आणि निसटत्या वस्तूला प्रतिसाद देतात. रुफिनी संवेदक त्वचा बाजूला ताणली गेल्याचे सांगतात. चौथा पॅचिनियन संवेदक. आपल्या प्रश्नाचा गाभा तोच असल्याने त्यावर थोडे थांबतो.

पॅचिनियन संवेदक सुमारे एक मिलिमीटर लांबीचा, नुसत्या डोळ्यांनी दिसू शकणारा असतो. मध्ये मज्जातंतूचे उघडे टोक आणि भोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे कित्येक थर, थरांमध्ये द्रव. सावकाश दाब दिला तर द्रव हळूहळू सरकतो, बाहेरचे थर आपला आकार बदलून घेतात आणि मधल्या टोकापर्यंत जवळपास काहीच पोहोचत नाही. झटक्याने दाब दिला तर द्रवाला सरकायला वेळच मिळत नाही, तो कठीण असल्यासारखा वागतो आणि आकारबदल थेट आत जातो. इलेक्ट्रॉनिक्सच्या भाषेत ही मंद बदल अडवणारी आणि जलद बदल जाऊ देणारी गाळणी आहे, आणि ती संपूर्णपणे यांत्रिक आहे. १९६० च्या दशकात वर्नर लोएवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी हे थर सूक्ष्मदर्शकाखाली सोलून काढले, तेव्हा एरवी क्षणात विझणारा विद्युतप्रतिसाद स्थिर दाबाखाली बराच वेळ टिकू लागला. जलदपणा बराचसा मज्जातंतूच्या वेष्टनात होता. २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास हा संवेदक सर्वाधिक संवेदनशील असतो आणि तिथे एका मायक्रोमीटरहून लहान हालचालही त्याला पुरते.

याच कारणामुळे कापडाचा पोत पाहायचा असेल तेव्हा आपण ते बोटाखाली ठेवून थांबत नाही, त्यावरून बोट फिरवतो. बोटावरील रेषांमधील अंतर साधारण अर्धा मिलिमीटर असते. बोट सेकंदाला १० ते १५ सेंटिमीटर वेगाने फिरवले, तर दर सेकंदाला २०० ते ३०० रेषा एखाद्या खडबडीत बिंदूवरून जातात, म्हणजे नेमकी ती वारंवारता तयार होते जी पॅचिनियन संवेदकाला सर्वाधिक रुचते. पॅरिसमधील एका गटाने २००९ साली रेषा असलेले कृत्रिम बोट बनवून हे वर्धन मोजले. खऱ्या बोटात ओलावा, दाब आणि त्वचेची लवचिकता यांमुळे गणित इतके स्वच्छ राहत नाही, तरी तत्त्व मला पटते. स्टॉकहोममध्ये २०१३ साली झालेल्या प्रयोगात लोकांना १३ नॅनोमीटर इतक्या उंचीच्या सुरकुत्या सपाट पृष्ठभागापासून वेगळ्या ओळखता आल्या. डोळ्यांना असे उंचवटे दिसणे शक्य नाही, कारण ते प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अनेक पट लहान आहेत. बोटाला ते कळतात, कारण फिरवल्यावर घर्षण आणि त्यातून उठणारे कंपन बदलते. स्थिर बोटाला यातले काहीच कळले नसते.

आता वडिलांच्या तपासणीकडे येऊ. नायलॉनचा जो तंतू वापरला, त्याला दवाखान्यात मोनोफिलामेंट म्हणतात. माक्स फॉन फ्राय यांनी १८९६ च्या सुमारास निरनिराळ्या जाडीचे केस वापरून ही पद्धत आणली, आणि १९६० च्या सुमारास सेमेस आणि वाइनस्टाइन यांनी नायलॉनचे प्रमाणित तंतू वापरात आणले. त्यामागील भौतिकशास्त्र सुंदर आहे. बारीक, सरळ दांड्याला टोकाकडून दाबत गेले तर एका ठरावीक बलापर्यंत तो सरळ राहतो आणि मग एकदम वाकतो. वाकल्यानंतर हात आणखी पुढे नेला तरी बल फारसे वाढत नाही. हा नियम लिओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात मांडला. त्यामुळे तपासणाऱ्याचा हात जड असो वा हलका, तंतू वाकेपर्यंत दाबला की पायावर जवळपास तेच बल पडते, आणि मधुमेहींसाठीच्या तंतूत ते १० ग्रॅम वजनाइतके असते. अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या टोकावर हे बल म्हणजे सुमारे पाच वातावरणांइतका दाब होतो. सगळे वातावरण जाणवत नाही आणि हा दाब जाणवतो, कारण हा एका बिंदूवर असतो, त्वचेत खळगा पाडतो आणि खळग्याच्या कडेला ऊती तीव्र वाकते.

वाकण्याचे बल तंतूच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. व्यास दहा टक्क्यांनी वाढला तर बल जवळजवळ दीडपट होते. शिवाय नायलॉन हवेतील ओलावा शोषून मऊ पडतो आणि वारंवार वाकवल्यानेही थकतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात उघड्यावर पडलेला, दिवसभर वापरलेला तंतू १० ग्रॅमच्या आधीच वाकतो, आणि मग ज्याच्या पायात संवेदना शिल्लक आहे अशा माणसालाही ‘जाणवत नाही’ असा शिक्का बसण्याची भीती असते. एका तंतूने लागोपाठ दहाएक रुग्ण तपासल्यावर त्याला एक दिवस विश्रांती द्यावी, असा प्रघात आहे. तो सर्वत्र पाळला जात नाही, आणि साध्या, स्वस्त साधनाची ही हेळसांड मला फार खटकते.

ट्यूनिंग फोर्क म्हणजे शाळेत पाहिलेला नादकाटा, फक्त १२८ हर्ट्झचा. त्याचा पाया अंगठ्याच्या हाडावर टेकवतात, कारण हाड कंपन चांगले वाहून नेते. हे कंपन मुख्यतः पॅचिनियन संवेदक उचलतात. मज्जातंतूने प्रत्येक आवर्तनाला एक, म्हणजे सेकंदाला १२८ संदेश, वेळ चुकू न देता पाठवायचे असतात, आणि असे अनेक तंतू एका तालात चालावे लागतात. हे तंतू जाड, मेदवेष्टित आणि जलद असतात. त्यांतील संदेश सेकंदाला ३५ ते ७५ मीटर धावतो. पायाच्या अंगठ्यापासून निघालेला असा एकच तंतू कण्याजवळील आपल्या पेशीपर्यंत आणि तिथून पुढे थेट मेंदूच्या तळापर्यंत जातो; शरीरातील सर्वांत लांब पेशी याच. मधुमेहाची इजा लांबीनुसार होते, म्हणून ती पायाच्या बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखी वर चढते. वेष्टन बिघडले की प्रत्येक तंतू थोड्या वेगळ्या गतीने उशीर करतो, ताल विस्कटतो आणि कंपन ‘कंपन’ म्हणून पोहोचतच नाही. याउलट नायलॉनच्या तंतूचा दाब कळायला एवढा काटेकोर ताल लागत नाही. काही संदेश उशिरा पोहोचले तरी ‘काहीतरी टोचले’ हे समजते.

त्यातच १० ग्रॅम हे मुद्दाम निवडलेले ढोबळ बल आहे. निरोगी तळव्याला याहून पुष्कळ कमी बल पुरते. हा तंतू जाणवेनासा होणे म्हणजे खडा, चपलेतला खिळा किंवा जखम कळण्याइतकी संरक्षक संवेदना गेली, असा अर्थ आम्ही घेतो. वडिलांना तो जाणवला, ही चांगली बातमी आहे. कंपन जाणवले नाही, यावरून लांब तंतूंना इजा सुरू झाली असण्याची शक्यता दिसते. वाढत्या वयातही पायातील कंपनसंवेदना मंदावते, म्हणून एवढ्या एका चाचणीवर निदान ठरत नाही. घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया, वेदना आणि तापमान यांची संवेदना आणि रक्तातील ब-१२ जीवनसत्त्व हेही पाहावे लागते, विशेषतः ते मेटफॉर्मिन घेत असतील तर, कारण दीर्घकाळ घेतल्यास या औषधाने ब-१२ कमी होऊ शकते.

तापमानाची संवेदना बारीक आणि मंद तंतूंतून जाते, म्हणून ती स्वतंत्र तपासतात. तिच्याबाबतही त्वचा बाहेरची वस्तू मोजत नाही. २५ अंशांच्या खोलीत ठेवलेला लोखंडी खलबत्ता आणि लाकडी पाट यांचे तापमान सारखेच असते, तरी खलबत्ता थंड लागतो. दोन पदार्थ टेकल्यावर सीमेवरचे तापमान त्यांच्या उष्णतावहनक्षमता, घनता आणि विशिष्ट उष्मा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळानुसार ठरते. ३३ अंशांचे बोट टेकले की लोखंडाशी सीमेचे तापमान साडेपंचवीस अंशांजवळ उतरते, तर लाकडाशी ते ३१ अंशांच्या आसपास राहते, आणि संवेदकांना कळतो तो स्वतःच्या त्वचेतला हा उतार. एर्न्स्ट हाइनरिख वेबर यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवले होते की कपाळावर ठेवलेले थंड नाणे त्याच वजनाच्या कोमट नाण्याहून जड वाटते. दाबाचे काही संवेदक थंडीनेही उत्तेजित होतात, त्याचा हा परिणाम. मधुमेहींच्या बाबतीत यातून एक सक्त सूचना निघते. साधारण ४३ अंशांच्या वर त्वचेतील दाहसंवेदक जागे व्हायला हवेत. ते झोपले असतील तर शेकण्याची पिशवी किंवा गरम पाण्याची बादली पाय भाजून काढते आणि माणसाला पत्ता लागत नाही. पाण्याचा अंदाज वडिलांनी पायाने घेऊ नये. कोपराने घ्यावा, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी घ्यावा.

राहिला दाब. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र पाय वाचवण्यासाठी वापरण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात डॉ. पॉल ब्रँड यांना जाते. १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करताना त्यांनी दाखवून दिले की कुष्ठरुग्णांच्या बोटांचा आणि पायांचा ऱ्हास मुख्यतः संवेदना गेल्यामुळे होणाऱ्या, लक्षात न येणाऱ्या जखमांतून होतो. शाबूत पाय चालताना थोडे दुखू लागले की आपोआप भार बदलतो. बधिर पाय त्याच बिंदूवर हजारो पावले टाकत राहतो, आणि एकेका पावलाचा सौम्य दाबही अखेर ऊती मारतो. मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला, ज्यांना आपल्याकडे एमसीआर म्हणतात, हाच भार मोठ्या क्षेत्रफळावर पसरवतात. वडिलांची संरक्षक संवेदना आज शिल्लक असल्याने त्यांना खास चपला लागतीलच असे नाही, परंतु अनवाणी चालणे बंद करावे, चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा आणि तळवे रोज संध्याकाळी आरशात किंवा दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांना एक विनंती करा. नादकाट्याचे कंपन ‘जाणवते की नाही’ एवढेच न विचारता, ते वडिलांना किती सेकंद जाणवते, आणि त्यांना जाणवेनासे झाल्यावर तोच काटा स्वतःच्या हाताच्या अंगठ्याच्या सांध्यावर टेकवल्यास तपासणाऱ्याला आणखी किती सेकंद जाणवतो, हे कागदावर नोंदवायला सांगा. अंगठा, घोटा आणि गुडघा या तिन्ही ठिकाणच्या अशा नोंदी दर वर्षी ठेवल्या, तर इजा कुठवर चढली आहे आणि साखर आटोक्यात आणल्यावर ती तिथेच थांबली आहे का, हे ठरवता येते.